वाट पाहणारे यंत्र

लातूर जिल्ह्यातील शिरूर अनंतपाळ हे गाव १९९९ साली तालुक्याचे ठिकाण झाले. तालुका झाला की कचेऱ्या येतात, कचेऱ्यांच्या पाठोपाठ झेरॉक्सची दुकाने येतात, आणि त्यांच्याही पाठोपाठ घराघरांत संगणक शिरतो. आमच्या काकांच्या घरी तो आला तो लातूरच्या एका कचेरीने काढून टाकलेला, म्हणजे स्वस्तात मिळालेला. काका निवृत्त शिक्षक. यंत्राशी त्यांचे सूत जमावयास वेळ लागला नाही. पण एके दिवशी त्यांचा फोन आला.

"यंत्र चालू होतंय, फोटो दिसतात, गाणी वाजतात. पण माझं लिहिलेलं उघडाया गेलं की जागच्या जागी बसतंय बघ, आडमुठ्या बैलागत."

"मग काका, तुम्ही काय करता?"

"काय करावं? वायर उपटतो."

मला घाई करणे भाग होते. १९९३ साली काका औसा तालुक्यातील एका गावी शिकवीत होते. ३० सप्टेंबरच्या पहाटे चार वाजण्याच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून लोक उशिरा निजले होते. काकांच्या शाळेतील जी मुले पुन्हा वर्गात आली नाहीत, त्यांची नावे आणि प्रत्येकाविषयी चार-चार ओळी त्यांनी पुढे सवडीने टंकून ठेवल्या होत्या. त्याची दुसरी प्रत नव्हती.

संगणक असा जागच्या जागी बसतो, त्याला आपल्याकडे सर्रास 'हँग झाला' म्हणतात. यंत्र मेले, असा पाहणाऱ्याचा समज होतो. पण या दुखण्याचा इतिहास पाहिला तर निराळेच काही दिसते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बांधलेला 'टिफ्रॅक' हा संगणक १९६० मध्ये चालू झाला. त्याचे नामकरण १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी केले. त्या पिढीची यंत्रे एका वेळी एकाचेच काम करीत. काम अडले तर कोणाचे अडले हे विचारावे लागत नसे. १९६१ मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्यासंस्थेत फर्नांडो कोर्बातो यांनी एकच यंत्र अनेकांना आळीपाळीने वापरता येईल अशी व्यवस्था करून दाखविली. आळीपाळी आली की मागोमाग खोळंबा येतोच, हे पाणवठ्यावर उभे राहिलेल्या कोणासही सांगावयास नको.

या खोळंब्याचे शास्त्र डच गणिती एड्स्गर डाइक्स्ट्रा यांनी १९६५ च्या सुमारास मांडले. दोन कामे एकमेकांजवळची वस्तू मागत उभी राहिली, आणि हातातली सोडावयास दोघेही तयार नसले, तर दोघेही कायमचे अडकतात. त्यांनी यास 'मृत्यूची मिठी' म्हटले. शिवेवरच्या अरुंद वाटेत समोरासमोर आलेल्या दोन गाड्या आठवाव्यात. बैल धडधाकट असतात, चाके शाबूत असतात, गाडीवानही जागे असतात. फक्त पुढचा हलेल म्हणून मागचा थांबलेला असतो. संगणक गोठतो तेव्हा पुष्कळदा असेच होते. त्यातील एखादे काम कोणाची तरी वाट पाहत असते.

घरगुती संगणकांत ही अडचण विशेष जाणवली. १९९२ च्या 'विंडोज ३.१' मध्ये प्रत्येक प्रोग्रामने आपण होऊन दुसऱ्यास वाट द्यावी, अशी सज्जनपणाची योजना होती. एकाने सज्जनपणा सोडला की सारे घर ठप्प होई. १९९५ च्या आवृत्तीपासून नव्या प्रोग्रामांच्या हातून यंत्राचा वेळ काढून घेण्याचा अधिकार व्यवस्थेने आपल्याकडे घेतला. पुढे एखादी चौकट पाच सेकंद उत्तर देईनाशी झाली म्हणजे ती 'प्रतिसाद देत नाही' अशी पाटी लावण्याची सोय झाली. पण ही पाटी म्हणजे निदान नव्हे. तो केवळ अंदाज आहे. आणि तो अंदाजच राहणार, कारण अॅलन ट्युरिंग यांनी १९३६ सालीच गणिताने सिद्ध केले आहे की, कोणतेही काम कधी काळी संपेल की चालतच राहील, हे प्रत्येक वेळी बिनचूक सांगणारी सर्वसाधारण रीत असूच शकत नाही. आपण अडकलो आहोत हे यंत्राला कळत नाही. किती वेळ थांबावयाचे हे समोर बसलेल्या माणसालाच ठरवावे लागते.

काकांनी ते आपल्या परीने ठरविले होते. पण वायर उपटणे हा त्यावर उपाय नव्हे. लेखन चालू असताना वीज तुटली तर तबकडीवरील नोंद अर्धवट राहते. भारनियमनाच्या काळात मराठवाड्याने हे पुष्कळ सोसले आहे.

शिरूरला पोचल्यावर पहिले काम म्हणजे ती फाइल उघडण्याचा हट्ट न धरता तिची प्रत काढणे. प्रत मुकाट्याने निघाली. म्हणजे तबकडी शाबूत होती. ती प्रत शेजारच्या मुलाच्या यंत्रावर नेली, तेथे ती तत्काळ उघडली. म्हणजे फाइलही निर्दोष. मग काकांच्या यंत्रावर एकेक गोष्ट उघडून पाहिली. छायाचित्रे उघडत होती. साध्या टिपणवहीतील मजकूर उघडत होता. पाने आखून मांडणी करणारा जो लेखनाचा प्रोग्राम, तोच तेवढा अडत होता, मग फाइल कोणतीही असो. वायर न उपटता पाच मिनिटे स्वस्थ बसलो, तेव्हा तोही हळूच जागा झाला!

मांडणी करणाऱ्याला असे काय लागते, की जे टिपणवहीला लागत नाही? त्याला कागद लागतो. ओळ कोठे मोडेल, पान कोठे संपेल हे ठरविण्यासाठी असा प्रोग्राम नेमून दिलेल्या छपाईयंत्राकडे विचारणा करतो. त्या यादीत पाहिले, तर नेमलेला प्रिंटर लातूरच्या त्या जुन्या कचेरीतील होता. कचेरीने संगणक विकला, पण संगणकाने कचेरी सोडली नव्हती. काका शिरूरमध्ये फाइल उघडीत, आणि यंत्र लातूरच्या प्रिंटरला हाक घालून 'ओ' येण्याची वाट पाहत बसे. ते नाव काढून टाकले. दुसऱ्या क्षणी फाइल उघडली.

उघडली खरी, पण पडद्यावर मराठी नव्हते. रोमन अक्षरे, चिन्हे आणि मात्रांसारखे काही फराटे यांची नुसती रास होती. हा दुसरा खोळंबा पहिल्याहून जुना. संगणकावर देवनागरी आणण्याचे मोठे काम कानपूरच्या आयआयटीत सुरू होऊन पुढे १९८८ मध्ये पुण्यास स्थापन झालेल्या सी-डॅक संस्थेत वाढले. १९९१ मध्ये भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' हे प्रमाण ठरले, आणि त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली. पण बाजारातील फाँट आपापल्या वाटेने गेले. रोमन अक्षराच्या जागी कोणी 'क' बसविला, तर कोणी तेथेच वेलांटी बसविली. फाँट जवळ असेतो मजकूर मराठी. तो गेला की नुसती खूण उरते. काकांनी पत्र्याच्या पेटीतून एक तबकडी शोधून आणली, तीत तो जुना फाँट होता. तो बसविला आणि अक्षरे उभी राहिली.

आपल्या भागाला हे नवे नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये मराठवाड्यातील निजामकालीन नोंदी तपासण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा कागद होते, पण मोडी आणि उर्दू वाचणारे शोधावे लागले. मोडीला स्वतः युनिकोडमध्ये जागा मिळाली ती २०१४ साली. कागद काय आणि फाइल काय, बंद पडते ती पुष्कळदा स्वतःच्या दोषाने नव्हे. तिला लागणारे माणूस किंवा साधन जागेवरून निघून गेलेले असते, आणि ते गेल्याची वर्दी कोणी दिलेली नसते.

रात्री सारा मजकूर युनिकोडमध्ये आणला आणि त्याच्या तीन प्रती तीन ठिकाणी ठेवल्या. काका पडद्याजवळ खुर्ची ओढून नावे वाचीत होते. मध्येच थांबले. एका नावाची वेलांटी बदलताना उलटी पडली होती. ती त्यांनी माझ्याकडून सुधारून घेतली.

"आता एक प्रत कागदावर काढ," ते म्हणाले.

घरात प्रिंटर नव्हता. सकाळी झेरॉक्सचे दुकान उघडेपर्यंत वाट पाहिली.