डॉज मालमोटारींची कुळकथा

राजघराण्यांच्या वंशावळी लिहिण्याची आपल्याकडे जुनी परंपरा आहे. यंत्रांच्या वंशावळी लिहिण्याची तसदी मात्र सहसा कोणी घेत नाही. वास्तविक गेल्या शतकात माणसांचे दैनंदिन जीवन जितके राजांनी बदलले, त्याहून अधिक ते यंत्रांनी बदलले. या लेखात आम्ही अमेरिकेतील डॉज मालमोटारींच्या घराण्याची, आणि त्यातही ‘पॉवर वॅगन’ या त्यातील सर्वांत नामांकित गाडीची, हकीकत वाचकांपुढे मांडण्याचे योजिले आहे.

घराण्याचे मूळ पुरुष जॉन व होरेस हे दोन भाऊ. मिशिगन प्रांतातील नाइल्स गावचे हे राहणारे. वडिलांचा धंदा यंत्रदुरुस्तीचा असल्यामुळे पोलाद व तेल यांच्याशी मुलांची ओळख बालपणापासूनच झाली होती. पुढे त्यांनी डेट्रॉइट शहरात स्वतःचा कारखाना काढला. १९०३ साली हेन्री फोर्ड यांनी मोटारींचा धंदा सुरू केला, तेव्हा त्यांच्या गाड्यांची इंजिने व इतर महत्त्वाचे भाग हे बंधूच बनवून देत, आणि फोर्ड कंपनीत दहावा हिस्सा त्यांचा होता. परंतु दुसऱ्याच्या गाडीला आपले काळीज पुरविण्यात किती दिवस समाधान मानावे? १९१४ साली त्यांनी स्वतःच्या नावाची मोटार बाजारात आणली. पुढे फोर्डने भागीदारांना नफा वाटण्याचे टाळल्यावर या बंधूंनी त्यांच्यावर दावा लावला. १९१९ साली मिशिगनच्या वरिष्ठ न्यायालयाने दिलेला त्याचा निकाल कंपनीकायद्याच्या अभ्यासकांना परिचित आहे.

डॉज गाडीची ख्याती दणकटपणाची. १९१६ साली अमेरिकन फौज मेक्सिकोत उतरली असता पॅटन नावाच्या एका तरुण लेफ्टनंटाने तीन डॉज मोटारींतून शत्रूच्या वाड्यावर छापा घातला. अमेरिकन सैन्याने मोटारींतून केलेला हा पहिला हल्ला मानला जातो. घोड्यांचे युग संपत आल्याची ती सूचनाच होती. पुढल्याच वर्षी डॉज बंधूंनी बाजूंना जाळी लावलेली, अर्ध्या टनाची मालवाहू गाडी काढली. याच गाडीपासून आमच्या कथेची मालमोटार-शाखा फुटते.

दैवाने मात्र या भावांना फार काळ दिला नाही. १९२० साली, एकाच वर्षात, दोघेही निवर्तले. त्यानंतर इंडियाना प्रांतातील ग्रॅहम बंधू डॉजची इंजिने वापरून मालमोटारी बनवू लागले व त्या डॉजच्याच दुकानांतून विकल्या जाऊ लागल्या. १९२५ साली कंपनी एका सावकारी पेढीने घेतली, १९२८ साली ती क्रायस्लर कंपनीकडे गेली. मालक बदलले, पण नाव टिकले. १९३८ साली डेट्रॉइटजवळ वॉरन येथे मालमोटारींसाठी स्वतंत्र कारखाना उभा राहिला.

दुसऱ्या महायुद्धाने या घराण्याला खरी प्रतिष्ठा दिली. १९४० पासून डॉज कारखाना सैन्यासाठी चारही चाकांना जोर देणाऱ्या अर्ध्या टनी गाड्या बनवीत होता. त्या उंच व अरुंद होत्या. १९४२ साली त्यांच्या जागी रुंद, ठेंगण्या, पाऊण टनी गाड्या आल्या. या गाड्यांचे मर्म असे की एकाच सांगाड्यावर शस्त्रवाहक, रुग्णवाहिका, बिनतारी संदेशाची गाडी, सेनापतीची गाडी अशी नाना रूपे उभी करता येत, आणि त्यांचे बहुतेक भाग परस्परांस चालत. रणांगणावर मोडलेल्या गाडीचा भाग दुसरीला बसविता येणे याची किंमत तोफेहून कमी नसते. युद्ध संपेपर्यंत अशा पाऊण टनी गाड्या सुमारे अडीच लाख तयार झाल्या.

युद्ध संपल्यावर प्रश्न उभा राहिला, तो हा की अशा गाडीचे शांततेच्या काळात काय करावयाचे. १९४६ साली डॉजने तिला नागरी वेष चढविला. पुढचा भाग व सांगाडा युद्धातल्या गाडीचा, चालकाची केबिन युद्धपूर्व मालमोटारीची, मागे लांब पेटी. अशी ही ‘पॉवर वॅगन’. तिच्यात शोभा नव्हती, आरामही नव्हता, आणि वेग बेताचाच. पण इंजिनाची शक्ती पट्ट्याने अगर दांड्याने बाहेर घेण्याची सोय तिच्यात होती. त्यामुळे तीच गाडी रानातून लाकूड ओढी, करवत चालवी, विहिरीवरचा पंप फिरवी, आणि पुढे बसविलेल्या रहाटाने चिखलात रुतलेल्या दुसऱ्या गाडीला बाहेर काढी. शेतकरी, जंगलखाते, तेलविहिरी खणणारे आणि बर्फाळ रस्त्यांवरून ये-जा करणारे लोक तिच्या बाबतीत तक्रार करीत नसत, कारण ती त्यांच्या कामाच्या मापाची होती. १९५१ पासून सैन्यासाठी तिचीच एक नवी आवृत्ती निघाली, ती कोरियाच्या युद्धात वापरली गेली.

या कथेचा एक धागा आपल्या महाराष्ट्रापर्यंत येतो. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी युद्धाच्या आरंभीच क्रायस्लर कंपनीशी बोलणे करून हिंदुस्थानात मोटारींचा कारखाना काढण्याचा घाट घातला. परक्या सरकारने त्या कामास युद्धोपयोगी म्हणून उत्तेजन देण्याचे नाकारले. अर्ज, शेरा, पुन्हा अर्ज, अशा क्रमात वर्षे गेली. अखेर १९४४ साली ‘प्रीमियर ऑटोमोबाईल्स’ कंपनी निघाली आणि १९४७ साली, स्वातंत्र्याच्याच वर्षी, मुंबईच्या कुर्ला भागातील कारखान्यातून डॉज व फार्गो नावाच्या मालमोटारी बाहेर पडू लागल्या. आम्हा कचेरीतील माणसांस ही हकीकत विशेष विचार करावयास लावणारी वाटते. एका शेऱ्याच्या मागे राष्ट्राची किती वर्षे अडून राहू शकतात याचा हिशेब फाइलीत कोठेच लिहिलेला नसतो.

अमेरिकेत जुन्या धाटणीच्या पॉवर वॅगनचे उत्पादन १९६८ साली थांबले. बावीस वर्षांत तिचे रूप फारसे बदलले नव्हते. बदलला होता तो ग्राहक. त्याला घराच्या दारात उभी करण्याजोगी, पाहुण्यांस नेण्याजोगी गाडी हवी होती. नाव मात्र इतके मोलाचे झाले होते की चारही चाकांच्या जोरावर चालणाऱ्या इतर डॉज मालमोटारींना ते पुढेही लागत राहिले, आणि २००५ साली मोठ्या ‘राम’ मालमोटारीवर ते पुन्हा झळकले. २००९ साली राम ही शाखाच डॉजपासून वेगळी झाली.

या वंशावळीत राजा कोणी नाही, पराक्रमही थोडाच आहे. दोन भावांनी बनविलेला मजबूत सांगाडा युद्धाने वापरला, शांततेने कामाला लावला आणि स्वतंत्र झालेल्या देशाने आपल्या रस्त्यांवर आणला. यंत्राला नावलौकिक मिळतो तो जाहिरातीने नव्हे, तर ज्यांच्या हातांत ते घाण, चिखल आणि ओझे यांतून जाते, त्या माणसांच्या विश्वासाने. तो विश्वास मिळविण्यास वर्षे लागतात, आणि गमविण्यास एक कमकुवत आस पुरेसा होतो. जे यंत्रास लागू, ते राज्यकारभारासही लागू आहे, असे आम्हांस वाटते.