मुरलेले पाणी : न्यूझीलंडमधील लाकडी सांगाड्याच्या भिंतींचा इतिहास

न्यूझीलंडमधील जुन्या घरांच्या भिंतींत पावसाचे थोडे पाणी शिरणारच, हे बांधणीतच गृहीत धरलेले असे. कौरी, रिमू इत्यादी स्थानिक वृक्षांच्या लाकडाचा सांगाडा, त्यावर एकीवर एक चढवलेल्या आडव्या फळ्या आणि वर पुढे आलेली वळचण, असे तिचे सामान्य स्वरूप होते. फळ्यांच्या सांध्यांतून आलेले पाणी आतील रिकाम्या पोकळीतील वाऱ्याने सुकून जाई. पुढे १९७८ साली नव्या घरांत उष्णतारोधक भरण सक्तीचे झाले. त्यामुळे घरे उबदार झाली खरी. तथापि ती पोकळी भरली गेल्याने भिंत सुकण्याचा वेग मंदावला.

यानंतरचे बदल एकाच दशकात घडले. १९९१ च्या इमारत कायद्याने बांधकामाची रीत ठरवून देण्याऐवजी केवळ अपेक्षित परिणाम सांगण्याचे धोरण स्वीकारले. त्याच सुमारास भूमध्यसागरी धर्तीची घरे लोकप्रिय झाली. त्यांना वळचण जवळजवळ नसे; फायबर सिमेंटचे तक्ते किंवा पॉलिस्टायरीन थेट सांगाड्यावर ठोकून वरून पातळ गिलावा व रंग देत. त्यातच १९९५ च्या मानकाने भट्टीत वाळवलेले, पण औषध न दिलेले रॅडिएटा पाइनचे लाकूड वापरण्यास मुभा दिली आणि १९९८ मध्ये बांधकाम-संहितेखालील मार्गदर्शिकेनेही ती मान्य केली. पूर्वी किडीसाठी दिले जाणारे बोरॉनचे क्षार लाकडाला कुजण्यापासूनही काही अंशी वाचवीत असत. आता लाकूड कोरडेच राहील, यावर सारी भिस्त राहिली. लाकडातील आर्द्रतेचे प्रमाण २० टक्क्यांखाली असेपर्यंत ते सुरक्षित असते. ३० टक्क्यांच्या आसपास बुरशीला अनुकूल स्थिती येते.

जुन्या घराला जोडलेल्या वाढीव खोलीत हा धोका विशेष असतो. खोलीचे बुटके छप्पर जेथे मूळ भिंतीला टेकते, तेथे सांध्यावर पत्र्याची पट्टी बसवतात. या पट्टीचे खालचे टोक पाणी बाहेर फेकील असे वळवलेले नसेल, तर छपरावरून वाहून आलेले पाणी नेमके गिलाव्याच्या मागे उतरते. गिलाव्याला तडा गेला नसला तरीही हे घडते. अशा वेळी एकट्या गवंड्याला दोष देणे अन्यायाचे होय. कारण आराखडाच सदोष असतो.

या घरांना तेथे ‘गळकी घरे’ हे नाव पडले. ते फारसे यथार्थ नाही. गळणारे पाणी दिसते, त्याखाली भांडे ठेवता येते. येथे आतला तक्ता पुष्कळदा कोरडा असे आणि मागील खांब मात्र हाताने कुस्करण्याइतका मऊ झालेला असे. मराठीत संशय व्यक्त करताना पाणी कोठेतरी मुरते आहे असे म्हणतात. येथे तो वाक्प्रचार अक्षरशः लागू पडतो.

इशारा मिळालेला नव्हता, असेही नाही. कॅनडातील व्हँकूव्हर परिसरात अशीच आपत्ती ओढवून १९९८ साली बॅरेट आयोगाचा अहवाल प्रसिद्ध झालेला होता. न्यूझीलंडमध्ये डॉन हन यांच्या अध्यक्षतेखालील गटाने २००२ साली आपला अहवाल दिला. २००४ साली नवा इमारत कायदा आला, सांगाड्याच्या लाकडाला पुन्हा औषध देण्याची अट आली आणि सुधारित मार्गदर्शिकेने वारा, मजले, वळचणीची रुंदी, छप्पर व भिंत यांचे सांधे इत्यादींना गुण देऊन प्रत्येक बाजूचा धोका मोजण्याची पद्धत घातली. गिलाव्यासारख्या आच्छादनामागे सुमारे २० मिलिमीटरची, तळाशी निचरा होणारी पोकळी आवश्यक ठरली. जुन्या फळ्यांच्या भिंतीत जे अनायासे साधत होते, ते आता मोजमापाने करावे लागले.

२००९ च्या एका अधिकृत अंदाजानुसार बाधित घरे सुमारे ४२,००० आणि एकंदर खर्च ११.३ अब्ज न्यूझीलंड डॉलर होता. त्याच अंदाजात घरांची किमान व कमाल संख्या अनुक्रमे २२,००० आणि ८९,००० धरलेली आहे. एवढी तफावत पडावी, यात नवल नाही. भिंत उघडल्यावाचून आतील स्थिती कळत नाही. कायद्याने मात्र दावा दाखल करण्यास बांधकामापासून दहा वर्षांचीच मुदत दिलेली होती. ज्यांची भिंत अकराव्या वर्षी उघडली गेली, त्यांना दुरुस्तीचा खर्च स्वतःच सोसावा लागला.