उंची आणि वाढ

घराच्या दाराच्या चौकटीवर पेन्सिलीची रेघ ओढून मुलाची उंची मोजण्याची रीत पुष्कळ घरांत असते. त्या चौकटीवर दोन गोष्टी एकदम दिसतात : मूल आज किती उंच आहे आणि मागच्या रेघेपासून किती वाढले आहे. पहिल्या गोष्टीत आईवडिलांची, आजीआजोबांची देणगी मोठी असते. दुसरीत त्या वर्षीच्या खाण्यापिण्याचा, आजारपणाचा, जोपासनेचा हिशेब असतो. सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या शाळांना जाब विचारताना यांपैकी काय मोजावे, उंची की वाढ, हा वाद दीडशे वर्षांहून अधिक काळ चालू आहे.

त्याचा पहिला ठळक अध्याय इंग्लंडमध्ये लिहिला गेला. १८६१ मध्ये न्यूकॅसल आयोगाने आपला अहवाल दिला आणि पुढच्याच वर्षी शिक्षणखात्याचा कारभार पाहणाऱ्या रॉबर्ट लो यांनी सुधारित संहिता अमलात आणली. तिचा हिशेब वाण्याच्या वहीसारखा चोख होता. सरासरी हजेरीमागे चार शिलिंग आणि दोनशेहून अधिक वेळा हजर राहिलेल्या मुलामागे आठ शिलिंग. मात्र इन्स्पेक्टरच्या वार्षिक परीक्षेत वाचन, लेखन आणि अंकगणित यांपैकी ज्या विषयात मूल नापास होईल, त्या प्रत्येक विषयामागे दोन शिलिंग आठ पेन्स कापले जात. शिक्षण स्वस्त नसेल तर ते कार्यक्षम असेल आणि कार्यक्षम नसेल तर निदान स्वस्त असेल, असा लो यांचा युक्तिवाद होता. एका इयत्तेची परीक्षा दिलेले मूल पुन्हा त्याच इयत्तेत बसवता येत नसे. म्हणजे मुलाने दरवर्षी एक पायरी चढलीच पाहिजे, ही वाढीची ओबडधोबड कल्पना त्या संहितेतही होती. परंतु पायरी सर्वांना सारखीच. गिरणीत राबणाऱ्या आईबापांचे मूल आणि सुखवस्तू दुकानदाराचे मूल एकाच मापाने मोजले जाई, आणि कमी भरले तर शिक्षकाच्या मिळकतीला कात्री लागे. परिणाम व्हायचा तोच झाला. मुले वाचनपुस्तक तोंडपाठ करू लागली आणि जे परीक्षेत नव्हते ते वर्गातूनही मागे पडले. स्वतः शाळा-इन्स्पेक्टर असलेले कवी मॅथ्यू आर्नल्ड यांनी या पद्धतीवर पहिल्या वर्षापासून टीका केली. पण ती पूर्णपणे मोडीत निघायला १८९० चे दशक सरत यावे लागले.

हे वारे भारतातही आले. १८५४ च्या वुडच्या खलित्याने खासगी शाळांना सरकारी अनुदानाचे तत्त्व दिले होते. मुंबई इलाख्याने १८६० च्या दशकात त्या अनुदानाला निकालाची अट जोडली. ‘डेप्युटीसाहेब येणार’ एवढ्या वार्तेने गावोगावच्या शाळांत जी धांदल उडे, तिचे एक मूळ या हिशेबात होते. १८८२ च्या हंटर आयोगाने निरनिराळ्या प्रांतांच्या अनुदानपद्धती तपासल्या आणि निकालावर पैसे देण्याची रीत महाविद्यालयांना लावू नये असे सुचवले. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ही रीत हिंदुस्थानातून मागे घेण्यात आली.

यानंतरचा मोठा टप्पा अमेरिकेत येतो. १९६६ मध्ये समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन यांचा, सहा लाखांवर विद्यार्थ्यांच्या चाचण्यांवर आधारलेला अहवाल प्रसिद्ध झाला. मुलांच्या गुणांतील फरकाचा संबंध शाळेच्या इमारतीशी, पुस्तकांशी किंवा खर्चाशी जोडता येतो त्याहून कितीतरी अधिक त्यांच्या घरच्या परिस्थितीशी जोडता येतो, हा त्याचा निष्कर्ष. अनेकांनी त्याचा अर्थ ‘शाळेने काही फरक पडत नाही’ असा लावला. तो अर्थ घाईचा होता. कोलमन यांच्यापुढे प्रत्येक मुलाची एकच रेघ होती. त्याच मुलाची आधीच्या वर्षीची रेघ हाती असल्यावाचून शाळेने त्याला काय दिले हे सांगणे अशक्यप्राय होते.

ती आधीची रेघ हिशेबात आणणारा माणूस शिक्षणक्षेत्रातला नव्हता. विल्यम सँडर्स हे टेनेसी राज्यात गुरांच्या गोठ्यात वाढलेले संख्याशास्त्रज्ञ. टेनेसी विद्यापीठात ते शेतीविषयक संशोधकांना आकडेमोडीत साहाय्य करीत. १९८० च्या दशकाच्या आरंभी गव्हर्नर लमार अलेक्झांडर शिक्षकांना गुणवत्तेनुसार वेतन देण्याची योजना आखत होते आणि मुलांच्या चाचण्यांचे गुण त्यासाठी वापरता येतील असे माप उपलब्ध नाही, अशी चर्चा होती. सँडर्स यांना यात न सुटणारे असे काही दिसले नाही. दुभत्या जनावरांच्या पैदाशीत हा प्रश्न आधीच सुटला होता. एखाद्या वळूच्या वंशाच्या गायी भरपूर दूध देतात, ते वळूच्या गुणामुळे की त्या गोठ्यातल्या चाऱ्यामुळे? कॉर्नेल विद्यापीठातील चार्ल्स हेंडरसन यांनी असे मिसळलेले परिणाम वेगळे काढण्याचे गणित मांडले होते. सँडर्स यांनी तेच गणित वर्गाला लावले आणि नॉक्स काउंटीच्या शाळांच्या आकड्यांवर पहिले प्रयोग केले. शिक्षकांना ही तुलना रुचली नाही, यात नवल नाही. पण गणिताला आपल्या जन्मस्थानाची लाज वाटत नसते.

पद्धतीचा गाभा समजण्यासारखा आहे. एका मुलाला चौथीत ४० गुण होते आणि पाचवीत ५२ मिळाले. दुसऱ्याला ८५ होते आणि ८६ झाले. उंची मोजणारी शाळा दुसऱ्याला शाबासकी देईल. सँडर्स मात्र विचारत की, या मुलाच्या मागील सर्व वर्षांचे, सर्व विषयांचे गुण पाहता यंदा त्याच्याकडून किती अपेक्षित होते आणि प्रत्यक्षात किती आले. अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांतील फरक अनेक मुलांवर एकत्र केला की वर्गाच्या वा शाळेच्या वाट्याचा अंदाज निघतो. ज्या शिक्षकाच्या हाताखाली थोडी मुले असतील त्याचा अंदाज सरासरीकडे ओढून घेतला जाई, कारण चार-दोन मुलांच्या भरवशावर कोणाला हिरा किंवा कोळसा ठरवणे गणितालाही मान्य नव्हते. गरिबी, वर्ण, घरची भाषा यांचे वेगळे आकडे सूत्रात नव्हते. मुलाच्या मागच्या गुणांत ते सारे उतरलेलेच असते, असा सँडर्स यांचा दावा होता. त्यावरचा आक्षेपही तितकाच वजनदार आहे : गरिबी मुलाला एकदाच मागे ओढून थांबत नाही, दरवर्षी ओढते.

हे गणित कायद्यात शिरले ते पैशाच्या वाटेने. टेनेसीतल्या छोट्या ग्रामीण शाळा-जिल्ह्यांनी श्रीमंत जिल्ह्यांइतका पैसा मिळावा म्हणून राज्याला १९८८ मध्ये न्यायालयात खेचले होते. १९९२ च्या शिक्षण सुधारणा कायद्याने विक्रीकर अर्ध्या सेंटने वाढवून शाळांना निधी दिला. पण वाढीव कराचा मोबदला दाखवा, अशी मागणी त्याबरोबर आलीच आणि सँडर्स यांची पद्धत कायद्यात नोंदली गेली. तिसरी ते आठवीच्या प्रत्येक मुलाची दरवर्षी परीक्षा होई आणि जिल्हा, शाळा व शिक्षक या तिन्ही पातळ्यांवर वाढीचा अंदाज काढला जाई. शाळेचे आकडे जाहीर होत. शिक्षकाचा आकडा त्याला आणि वरिष्ठांनाच कळे. ही मर्यादा शहाणपणाची होती. उत्तम गुणांबद्दल नावाजलेल्या काही शाळांत मुले जागच्या जागी असल्याचे आणि गरीब वस्तीतल्या काही शाळा मुलांना झपाट्याने पुढे नेत असल्याचे या आकड्यांनी दाखवले. १९९६ मध्ये सँडर्स आणि त्यांच्या सहकारी जून रिव्हर्स यांनी मांडले की, सलग तीन वर्षे प्रभावी शिक्षक लाभलेली मुले आणि सलग तीन वर्षे दुबळे शिक्षक लाभलेली तशीच मुले यांच्यात गणितात सुमारे ५० शततमकांचे अंतर पडते. हा आकडा पुढे देशभर भाषणांतून फिरला आणि फिरताना त्याच्या अटी गळून पडल्या.

२००२ च्या जानेवारीत राष्ट्राध्यक्ष बुश यांनी ‘एकही मूल मागे राहू नये’ या नावाचा कायदा संमत केला, तो मात्र पुन्हा उंचीचाच. २०१४ पर्यंत शंभर टक्के मुले प्रवीण ठरली पाहिजेत, दरवर्षीचे उद्दिष्ट न गाठणाऱ्या शाळेवर कारवाई. त्यातून एक खिन्न करणारा प्रकार उद्भवला. उत्तीर्णतेच्या रेषेच्या जरा खाली असलेल्या मुलांवर शाळा सारी शक्ती खर्चू लागल्या. खूप मागे असलेली आणि आधीच पुढे गेलेली मुले दोन्हीकडून दुर्लक्षित राहिली. टेक्सास आणि शिकागो येथील अभ्यासकांनी त्याची नोंद केली. अखेर २००५ मध्ये शिक्षणमंत्री मार्गारेट स्पेलिंग्ज यांनी वाढ मोजण्याच्या प्रायोगिक योजनेला वाट दिली आणि २००६ मध्ये टेनेसी व नॉर्थ कॅरोलायना या दोन राज्यांना प्रथम परवानगी मिळाली. कोलोरॅडोने याच सुमारास निराळी रीत काढली : सारखाच पूर्वइतिहास असलेल्या मुलांत या मुलाची यंदाची प्रगती कितवी लागते, एवढेच सांगायचे. पालकांना ती समजे, हा तिचा मोठा गुण.

खरी ठिणगी पडली ती वाढीचा आकडा माणसाच्या नोकरीला बांधला गेला तेव्हा. ओबामा प्रशासनाच्या ४.३५ अब्ज डॉलरच्या स्पर्धात्मक निधीसाठी राज्यांनी शिक्षक-मूल्यमापनात मुलांची प्रगती आणली. २०१० च्या मार्चमध्ये पहिल्या फेरीत टेनेसी आणि डेलावेअर विजयी ठरले. टेनेसीत शिक्षकाच्या मूल्यमापनाचे ३५ टक्के या आकड्यावर अवलंबून राहू लागले; आणि ज्यांच्या विषयाची राज्य परीक्षाच नाही, अशा संगीताच्या वा चित्रकलेच्या शिक्षकाला संपूर्ण शाळेचा आकडा चिकटवला गेला. न शिकवलेल्या विषयाचे श्रेय किंवा दोष! त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ‘लॉस एंजेलिस टाइम्स’ने सुमारे सहा हजार प्राथमिक शिक्षकांचे आकडे नावानिशी छापले. सँडर्स यांच्या कायद्याने जे बंद पाकिटात ठेवले होते ते चव्हाट्यावर आले. २०११ मध्ये अटलांटा शहरात चौकशीअंती ४४ शाळांतील १७८ शिक्षक-मुख्याध्यापक परीक्षेतील गैरप्रकारांत गुंतल्याचे निष्पन्न झाले. तेथील दडपण मुख्यतः गुणांच्या उद्दिष्टांचे होते. तरी उत्तरे खोडून पुन्हा लिहिली गेली की उंची आणि वाढ दोन्ही खोटी ठरतात.

संख्याशास्त्रज्ञांनीही हात आखडता घ्यायला सांगितले. अमेरिकन संख्याशास्त्र संघटनेने २०१४ च्या निवेदनात म्हटले की, गुणांतील एकूण चढउतारापैकी शिक्षकाच्या वाट्याला बहुतेक अभ्यासांत १ ते १४ टक्केच येतात. २०१७ मध्ये ह्यूस्टनच्या शिक्षकांचा खटला संघराज्य न्यायालयात पुढे चालला, कारण त्यांची नोकरी ज्या आकड्यावर ठरणार तो पडताळून पाहण्याची सोयच नव्हती. सूत्र आणि संगणकप्रणाली खासगी कंपनीचे व्यापारी गुपित होते. विद्यार्थ्याला उत्तरपत्रिका दाखवणाऱ्या शाळेत शिक्षकाला मात्र स्वतःची उत्तरपत्रिका पाहता येत नव्हती. शाळा-जिल्ह्याने त्याच वर्षी तडजोड केली. त्याआधी, २०१५ च्या डिसेंबरमधील नव्या कायद्याने शिक्षक-मूल्यमापनाची केंद्राची सक्ती संपली होती. शाळांसाठी वाढीचे माप ठेवण्याची मुभा राज्यांना राहिली. टेनेसीने ते ठेवले. परंतु २०१६ मध्ये तेथील नवी ऑनलाइन परीक्षा पहिल्याच दिवशी कोसळली, खालच्या वर्गांच्या परीक्षा रद्द झाल्या आणि त्या मुलांच्या चौकटीवर एक रेघच राहून गेली.

भारतात शाळांच्या निकालाच्या टक्केवारीला अजूनही मोठा मान आहे. ‘असर’सारखी सर्वेक्षणे ग्रामीण मुलांना काय येते ते २००५ पासून सांगत आली, पण त्यांत तीच मुले पुन्हा मोजली जात नाहीत. त्याच मुलांची वाढ मोजण्याचा एक मोठा प्रयोग मात्र २००५ मध्येच आंध्र प्रदेशात सुरू झाला. कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन या अर्थशास्त्रज्ञांनी ग्रामीण सरकारी प्राथमिक शाळांत वर्षारंभी आणि वर्षाअखेर बाहेरच्या चमूकडून चाचण्या घेतल्या. मुलांच्या सरासरी गुणांत पाच टक्क्यांहून जितकी अधिक वाढ होईल त्या प्रत्येक टक्क्यामागे शिक्षकाला पाचशे रुपये बक्षीस होते. वाढ न झाल्यास कापायचे काहीच नव्हते. लो यांच्या संहितेपासून हा फरक लहान नाही. दोन वर्षांनी या शाळांतील मुले गणित आणि भाषेत इतरांच्या पुढे होती. शिवाय ज्या विषयांवर बक्षीस नव्हते त्या विज्ञान आणि समाजशास्त्रातही ती पुढे होती. शिक्षकांची हजेरी मात्र वाढली नव्हती. आले त्या दिवशी काय वेगळे केले असे विचारता, जादा गृहपाठ, जादा तास आणि मागे पडलेल्या मुलांकडे अधिक लक्ष, असे शिक्षकांनी सांगितले.