सर्पगंधेची मुळी आणि तीन औषधांची मोट

१२ एप्रिल १९४५. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट खुर्चीत बसल्या बसल्या कोसळले. डॉक्टरांनी रक्तदाब मोजला, तर ३००/१९०! मेंदूत रक्तस्राव झाला होता. काही तासांत ते गेले.

त्यांचा रक्तदाब वाढलाय हे डॉक्टरांना वर्षभरापासून ठाऊक होतं. पण तो नीट उतरवणारं सुरक्षित औषधच तेव्हा नव्हतं. मीठ कमी करा, विश्रांती घ्या, असं सांगण्यापलीकडे फारसं काही हाती नव्हतं.

चारच वर्षांनी मुंबईतून एक वाट दिसली. सर्पगंधेच्या मुळीने रक्तदाब उतरतो, हे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रुग्णांवर तपासून १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मांडलं. १९५२मध्ये सीबा या स्विस कंपनीच्या शास्त्रज्ञांनी त्या मुळीतून रेसर्पिन वेगळं काढलं.

पण एकट्या औषधाचं फार चालेना, कारण शरीर उलटा डाव टाकतं. हायड्रालाझिनने रक्तवाहिन्या सैल केल्या की हृदय धडधडू लागतं आणि मूत्रपिंडं मीठ-पाणी धरून ठेवतात. रेसर्पिन वाढवावं, तर काही जणांना उदासी घेरते. मग तिघांची मोट बांधली गेली. हायड्रालाझिन वाहिन्या सैलावणार, रेसर्पिन हृदयाला आवरणार आणि थायझाइड लघवीवाटे मीठ बाहेर काढणार.

यानं जीव वाचतो का? अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांत डॉ. एडवर्ड फ्रीस आणि सहकाऱ्यांनी खालचा दाब ११५ ते १२९ असलेले १४३ पुरुष निवडले. ७३ जणांना ही औषधं दिली, ७० जणांना तशाच दिसणाऱ्या, पण औषध नसलेल्या गोळ्या. १९६७मध्ये निकाल आला. औषधाविना असलेल्या गटात २७ जणांची प्रकृती गंभीर बिघडली होती, त्यांपैकी चौघे दगावले. औषध घेणाऱ्यांत बिघाड फक्त दोघांत, मृत्यू एकही नाही.

आज औषधं बदलली, पण विचार तोच आहे. २०१९मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने रक्तदाबाच्या एकत्रित गोळ्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतल्या. बाबांच्या गोळ्यांच्या पाकिटावर दोन नावं छापलेली असतील, तर ती याच घराण्यातली. ‘मला तर काहीच होत नाही’ म्हणून ते गोळी चुकवत असतील, तर त्यांना २७ आणि दोनचा हिशेब जरूर सांगा.