विभक्ती गेली, जागा राहिली

'गिव्ह मी द बुक' या इंग्रजी वाक्यात क्रियापदामागून दोन शब्द कर्म म्हणून येतात : ज्याला द्यायचे तो आधी आणि जे द्यायचे ते नंतर. व्याकरणात यांतील पहिल्याला अप्रत्यक्ष कर्म आणि दुसऱ्याला प्रत्यक्ष कर्म म्हणतात. हाच आशय 'टू' हे शब्दयोगी अव्यय घालून 'गिव्ह द बुक टू मी' असाही मांडता येतो आणि पहिली रचना म्हणजे या दुसऱ्या रचनेचाच संक्षेप होय, असा समज पाठ्यपुस्तकांतून दीर्घकाळ रुजला आहे. इतिहास मात्र नेमका याच्या उलट आहे.

अकराव्या शतकापर्यंतच्या जुन्या इंग्रजीत नामाचे वाक्यातील नाते मराठीप्रमाणेच विभक्तीने कळत असे. राजा कर्ता असेल तर 'से क्यूनिंग', त्याला कोणी पाहिले तर 'थोने क्यूनिंग' आणि त्याला काही दिले तर 'थाम क्यूनिंगे' अशी वेगवेगळी रूपे होत, त्यामुळे शब्दांचा क्रम कसाही ठेवला तरी देणारा कोण आणि घेणारा कोण याविषयी घोटाळा होण्याचे फारसे कारण नव्हते. देण्याच्या क्रियेत घेणाऱ्याची विभक्ती चतुर्थी असे, म्हणजे पाणिनीने ज्याला संप्रदान म्हटले तेच हे नाते. त्याखेरीज शिकवणे आणि विचारणे या अर्थांची काही क्रियापदे व्यक्ती आणि वस्तू अशी दोन्ही पदे द्वितीयेत घेत. संस्कृतातील द्विकर्मक धातूंच्या परंपरागत यादीतही 'प्रच्छ्' आणि 'शास्' हे धातू आहेत, हा योगायोग लक्षणीय आहे. आजच्या इंग्रजीत ही दोन मुळे एकाच साच्यात मिसळून गेली आहेत.

ही व्यवस्था मोडल्याचा दोष बहुधा 1066 च्या नॉर्मन विजयावर टाकला जातो, पण तो पुरता न्याय्य नाही. शब्दाच्या आरंभीच्या अवयवावर आघात देण्याच्या सवयीमुळे शेवटचे प्रत्यय आधीच अस्पष्ट होत चालले होते, आणि उत्तर व पूर्व इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या स्कँडिनेव्हियन लोकांशी आलेल्या संपर्काने तिथली झीज वेगाने झाली, असे अनेक अभ्यासक मानतात. 1154 पर्यंत चालू राहिलेल्या पीटरबरो इतिवृत्तात अखेरच्या नोंदींपर्यंत ही रूपे बहुतांशी कोसळलेली दिसतात. उलट दक्षिणेकडील केंटमध्ये 1340 च्या एका धर्मग्रंथातही द्वितीयेचे जुने रूप टिकून आहे.

प्रत्यय गेले तेव्हा दोन उपाय पुढे आले. एक म्हणजे जागा ठरवून देणे, म्हणजे घेणारा आधी आणि वस्तू नंतर. दुसरा 'टू'चा. हे अव्यय जुन्या इंग्रजीत जाणे, पाठवणे, बोलणे यांसारख्या क्रियापदांबरोबर दिशा दाखवण्यासाठी येतच होते. ते पुढे देण्याच्या क्रियेकडेही सरकले आणि चौदाव्या शतकाच्या अखेरीस, चॉसरच्या काळात, दोन्ही रचना शेजारी शेजारी नांदू लागल्या. संदिग्धता जिथे परवडत नाही अशा कायदेशीर लेखनाने अव्ययाला जवळ केले. शेक्सपिअरच्या 1616 च्या मृत्युपत्रात पत्नीला दुसऱ्या क्रमांकाचा पलंग देताना 'पत्नी' या शब्दाआधी 'अन्टू' हे अव्यय आहे, आणि तरीही घेणारी व्यक्ती वस्तूच्या आधीच आली आहे. म्हणजे एकाच वाक्यात दोन्ही उपाय योजलेले दिसतात.

याच नाटककाराने प्रत्ययहीनतेचा विनोदही साधला. 'द टेमिंग ऑफ द श्रू' या नाटकात पेट्रुचिओ नोकराला दार ठोकायला सांगतो, पण क्रियापदामागे 'मी' हे सर्वनाम 'माझ्यासाठी' या जुन्या चतुर्थीच्या अर्थाने जोडतो. नोकर ग्रूमिओ ते सरळ प्रत्यक्ष कर्म समजतो आणि धन्यालाच ठोकायचे की काय, म्हणून अडून बसतो. हा प्रसंग हसवू शकला, यावरून ही रचना तेव्हा कानाला परिचित होती, पण तिचा अर्थ निसटू लागला होता, असे अनुमान करता येते.

फ्रेंच आणि लॅटिनमधून आलेल्या क्रियापदांनी आणखी एक भेद निर्माण केला. 'गिव्ह', 'सेंड', 'टेल', 'शो' ही देशी, आखूड क्रियापदे दोन कर्मे सहज घेतात, तर 'डोनेट', 'एक्स्प्लेन', 'डेमॉन्स्ट्रेट' यांना 'टू' लागतोच. 'ऑफर' आणि 'प्रॉमिस' मात्र परकी मुळे असूनही देशी गटात बसली; पहिल्या अवयवावरील आघात हे त्याचे एक कारण सांगितले जाते, पण 'अलाउ' आणि 'अवॉर्ड' या नियमाला जुमानत नाहीत. 'फॅक्स', 'ईमेल', 'टेक्स्ट' ही अलीकडची क्रियापदे आल्याबरोबर दोन कर्मे घेऊ लागली, यावरून तो जुना साचा अजून जिवंत असल्याचे दिसते.

रॉबर्ट लाउथ याने 1762 च्या आपल्या व्याकरणात 'गिव्ह मी' यात 'टू' अध्याहृत, म्हणजे न बोलता गृहीत धरलेला, असल्याचे सांगितले. लाउथवर बराच विसंबलेल्या लिंडली मरेच्या 1795 च्या व्याकरणाच्या असंख्य आवृत्त्या निघाल्या आणि इंग्रजी शिकवण्याची ही परंपरा वसाहतींतही पोचली. मुंबई इलाख्यात दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी 1836 मध्ये मराठीचे व्याकरण रचले तेव्हा इंग्रजी व्याकरणाचा नमुना त्यांच्यापुढे होता. मराठीत मात्र द्वितीया आणि चतुर्थी या दोहोंनाही 'स, ला, ते' हेच प्रत्यय दिले गेले, म्हणजे रूपांचे एकत्रीकरण इथेही झाले होते, फक्त प्रत्यय शिल्लक होता.

कर्मणी प्रयोगात हा गुंता सर्वांत उशिरा सुटला. 'मला पुस्तक दिले गेले' या अर्थी जुन्या इंग्रजीत 'मला' चतुर्थीतच राही. नामांची रूपे एक झाल्यावर वाक्यारंभीचा घेणाराच कर्ता वाटू लागला आणि 'आय वॉज गिव्हन अ बुक' ही रचना रूढ झाली. एकोणिसाव्या शतकातही काही व्याकरणकारांना ती अशुद्ध वाटत होती. लँकशरच्या बोलीत तर अजून वस्तू आधी ठेवून 'गिव्ह इट मी' म्हणतात, आणि तिथे 'टू' गाळला गेल्याचे कोणाच्या मनातही येत नाही.