कॅलेंडरची 'आयसीएस' फाइल सर्व्हरवर कशी तयार होते?

कार्यक्रमाच्या पोस्टखाली 'कॅलेंडरमध्ये जोडा' असं बटण तुम्ही पाहिलं असेल. ते दाबलं की एक छोटी फाइल डाउनलोड होते आणि ती उघडली की नाव, तारीख, वेळ, ठिकाण आपोआप भरलं जातं. नावाच्या शेवटी 'आयसीएस' असलेली ही फाइल म्हणजे साधा मजकूर असतो, नोटपॅडमध्येही वाचता येईल असा. तिचे नियम 'आरएफसी ५५४५' या सप्टेंबर २००९ च्या दस्तऐवजात आहेत. त्याआधीची आवृत्ती १९९८ ची. गूगल, ॲपल आणि आउटलुक ही तिन्ही कॅलेंडरं ती ओळखतात.

समजा, परभणी-पूर्णा रेल्वेमार्गावरच्या पिंगळी गावाच्या ग्रामसभेसाठी असं बटण करायचं आहे. महाराष्ट्रात ग्रामसभा प्रथेने २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला भरतात. घरकुलाच्या यादीपासून गावाच्या विकास आराखड्यापर्यंतचे विषय तिथे येतात. गणपूर्तीला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी माणसं लागतात, नाहीतर सभा तहकूब होते. अशा ठिकाणी चुकीची वेळ दाखवणाऱ्या बटणापेक्षा बटण नसलेलं बरं.

फाइल आधीपासून करून ठेवलेली नसते. बटण दाबल्यावर सर्व्हरवरचा कोड (पीएचपी, पायथन, काहीही) डेटाबेसमधून सभेची माहिती घेतो आणि ओळी जुळवतो. सगळ्यात बाहेर 'व्हीकॅलेंडर'ची चौकट, तिच्या आत प्रत्येक सभेसाठी 'व्हीइव्हेंट'ची चौकट. वर्षाच्या चारही सभा एकाच फाइलमध्ये बसतात. फाइल पाठवण्याआधी सर्व्हरने ब्राउझरला दोन गोष्टी सांगायच्या असतात: हा मजकूर 'टेक्स्ट/कॅलेंडर' प्रकारचा, यूटीएफ-८ मधला आहे, आणि तो पानावर न दाखवता डाउनलोड करायचा आहे. पीएचपीमध्ये हे सांगण्याआधी एखादी रिकामी ओळ जरी बाहेर पडली तरी काम बिघडू शकतं.

वेळेचा घोळ

सगळ्यात जास्त फसगत इथे होते. वेळेच्या शेवटी रोमन 'झेड' अक्षर लावलं की ती जागतिक प्रमाणवेळ, म्हणजे यूटीसी, समजली जाते. आपली वेळ तिच्या साडेपाच तास पुढे. कोडने सकाळचे ११ तसेच लिहून पुढे 'झेड' चिकटवला, तर पिंगळीच्या फोनवर सभा दुपारी साडेचारला दिसेल. तोवर सतरंज्याही गोळा झालेल्या असतील. बरोबर नोंद ०५:३० 'झेड' अशी हवी. 'झेड' गाळला तरी भारतात वेळ बरोबर दिसते, कारण फोन ती स्थानिक वेळ धरतो. पण मग दुबईत नोकरी करणाऱ्या गावकऱ्यालाही ११ च दिसतात, तेव्हा गावात साडेबारा झालेले असतात.

दुसरी चूक खास आपली. कोडमध्ये भाषा मराठी ठेवून तारीख छापली, तर काही साधनं आकडे देवनागरीत देतात. पानावर ते छान दिसतात, पण फाइलमधल्या तारखेत इंग्रजी आकडेच लागतात. देवनागरी आकड्यांची तारीख कॅलेंडरला समजत नाही. शीर्षक आणि ठिकाण मात्र बिनधास्त मराठीत लिहा.

मराठी ओळ आणि ७५ बाइट

नियमानुसार फाइलमधली ओळ ७५ बाइटपेक्षा लांब नसावी. यूटीएफ-८ मध्ये रोमन अक्षराला एक बाइट लागतो; देवनागरीत प्रत्येक वर्ण, काना, वेलांटी, अनुस्वार यांना तीन-तीन. 'पिंगळी' या एवढ्याशा शब्दाचे १८ बाइट होतात. 'ग्रामपंचायत कार्यालय, पिंगळी' हे ठिकाण 'लोकेशन' या शब्दासह लिहिलं की ८८ बाइट भरतात (स्वल्पविरामाआधी उलटी तिरकी रेघ द्यावी लागते, तीही यात धरली आहे). म्हणजे ओळ मोडायची आणि पुढची ओळ एका मोकळ्या जागेने सुरू करायची. ती अक्षराच्या मधोमध मोडली तर काही ॲपमध्ये मराठीऐवजी प्रश्नचिन्हं दिसतात. पीएचपीतलं 'एमबी-स्ट्रकट' हे फंक्शन बाइट मोजतं, पण वर्ण फोडत नाही. इथे तेच वापरावं. प्रत्येक ओळीच्या शेवटी कॅरेज रिटर्न आणि लाइन फीड ही दोन्ही चिन्हं हवीत.

सभा तहकूब झाली तर?

प्रत्येक नोंदीला 'यूआयडी' नावाची वेगळी ओळख असते. कोड दर वेळी नवी यूआयडी बनवत असेल, तर नवी तारीख जुनीच्या शेजारी जाऊन बसते आणि लोक दोन्ही दिवशी येतात, किंवा एकाही दिवशी येत नाहीत. म्हणून सभेचा डेटाबेसमधला क्रमांक यूआयडीत वापरावा, आणि बदल झाला की 'सिक्वेन्स'चा आकडा एकाने वाढवावा.

तरीही एकदा डाउनलोड झालेली फाइल पुढे बदलत नाही. व्हॉट्सॲपवर फिरलेली जुनी प्रत जुनीच तारीख दाखवत राहते. तारखा वरचेवर बदलत असतील तर फाइलऐवजी सदस्यत्वाची लिंक द्यावी; कॅलेंडर ती अधूनमधून स्वतः तपासतं, अर्थात लगेच तपासेल असं नाही. आणि गूगल कॅलेंडरमध्ये फाइल 'इंपोर्ट' करायची सोय संगणकावरच्या ब्राउझरमध्ये आहे, त्यामुळे बटणाखाली तारीख आणि वेळ साध्या अक्षरांतही लिहून ठेवावी.