गोधडी : घरातील बायकांची बखर

इतिहास म्हटला की गड, लढाया आणि सनावळ्या डोळ्यांपुढे येतात. परंतु घरातल्या पेटीतील जुनी लुगडी बाहेर काढून गोधडी शिवावयास घेतली, तेव्हा दुसराच एक इतिहास हाती लागला. तो या स्मरणिकेतून आपल्यापुढे ठेवते.

गोधडी ही फार प्राचीन वस्तू आहे. टाकून दिलेल्या चिंध्या जोडून केलेली चीवरे भगवान बुद्धांचे भिक्षू पांघरीत असत. संस्कृतात 'कंथा' हा शब्द आहे. बंगालमध्ये 'कांथा' आहे. देशावर वाकळ म्हणतात, आपल्याकडे गोधडी. उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी बायका 'कवंदी' शिवतात आणि तिच्या चारी कोपऱ्यांना कापडी फुले लावतात. नावे निराळी, पण विरलेले कापड वाया जाऊ द्यायचे नाही, ही बायकांची दृष्टी सगळीकडे एकच.

आमच्या पेटीत सर्वांत जुने निघाले ते आजेसासऱ्यांचे खादीचे धोतर. खादीचे आणि आपल्या पनवेलचे नाते जवळचे आहे. गोव्याच्या रस्त्यावरील शिरढोण गावी १८४५ साली वासुदेव बळवंत फडके जन्मले. त्यांचे वकीलपत्र घेणारे सार्वजनिक काका जोशी १८७७ च्या दिल्ली दरबारास खादी नेसून गेले होते. पुढे ७ ऑक्टोबर १९०५ रोजी पुण्यास विलायती कापडाची होळी झाली आणि ३१ जुलै १९२१ रोजी गांधीजींनी मुंबईस परळ येथे तशीच होळी पेटविली. २५ सप्टेंबर १९३० रोजी शेजारच्या उरण तालुक्यात चिरनेरचा जंगल सत्याग्रह झाला. त्या सुमारास आजेसासरे घरी सूत कातू लागले, असे सासूबाई सांगतात.

धोतराखाली जाडेभरडे पांढरे कापड होते. ते युद्धकाळातील 'कंट्रोल'चे. १९४३ साली सरकारने कापडाचे भाव बांधून दिले आणि ठाण्यावर किमतीचा छाप मारणे सक्तीचे केले. त्या वर्षांत आजेसासूबाईंनी एका लुगड्याला दोनदा दंड घातला होता. तो जोड अजून स्पष्ट दिसतो. त्यावर सासूबाईंच्या भावाने मुंबईच्या गिरणीतून आणलेल्या चादरी. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला, आणि त्या चादरी येणे कायमचे थांबले.

आता प्रश्न असा पडला, की हे सारे कापावे की जपून ठेवावे? माझ्या नणंदेचे मत जपून ठेवण्याचे. पण वर्षानुवर्षे एकाच घडीत राहिलेले सुती कापड घडीवरच विरते आणि कसर लागली की संपलेच. शेवटी खादीचे धोतर अखंड ठेवले. बाकीचे गोधडीत घातले. नऊ वारी लुगड्याच्या चार घड्या घातल्या म्हणजे सव्वादोन वार लांबीची, एका माणसापुरती गोधडी होते. त्या घडीवर तुकडे मांडून प्रथम मोठे टाके घातले आणि मग कडेपासून आत धावदोरा घालीत गेले. हे काम पावसाळ्यापूर्वीच उरकावे. आपल्याकडे चार महिने कापड नीट वाळत नाही.

खरी घाई मात्र पावसाची नव्हती. सासूबाईंना ऐंशी उलटली आहेत. कोणता तुकडा कोणाचा, हे सांगणारे घरात तेवढेच एक माणूस उरले आहे. त्या कधी अचूक सांगतात, कधी तोच तुकडा हाती घेऊन मुकाट बसतात. दोन तुकडे त्यांना ओळखता आले नाहीत. "कोणाचे का असेना, आपल्याच घरातल्या बाईचे आहे. लाव तू," असे त्या म्हणाल्या. तेही लावले. बाकी प्रत्येक तुकड्याच्या कोपऱ्यात त्या बाईचे नाव दोऱ्याने भरले आहे. सात-बाऱ्यावर यांतील एकीचेही नाव कधी लागले नव्हते.

पुढच्या पिढीजवळ नायलॉनच्या, पॉलिस्टरच्या साड्या असतील. त्या निसरड्या, घाम टिपत नाहीत. म्हणून माझी आपणा सर्वांस एक विनंती आहे. आपल्या घरातील पेटी यंदाच उघडा. गोधडी शिवा वा न शिवा. पण घरातील वडीलधाऱ्या बाईला शेजारी बसवून प्रत्येक लुगड्याची हकीकत विचारा आणि ती त्याच दिवशी लिहून ठेवा.